वेण्णा नदीचा क्षेत्रअभ्यास, उगमापासून संगमापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी नदी निवडलेल्या मुलांना घेऊन मी बरीच वर्षं वेण्णेच्या काठाने उतरतो आहे. दर ऑक्टोबरला तेच प्रश्न येतात, काही फोनवर आणि काही थेट गुडघाभर पाण्यात उभं असताना. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नदी दुसरी असेल तर गावांची नावं बदला, बाकी पद्धत तीच.

वेण्णाच का? कृष्णा का नाही?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर वाहते. तिचे खालच्या टप्प्यातले बदल पाहायला आंध्रात जावं लागेल. वेण्णा त्याच डोंगरावर सुरू होते, लिंगमळ्याला कड्यावरून खाली पडते, केळघर-मेढ्याच्या खोऱ्यातून येते, कण्हेरच्या धरणात अडते आणि साताऱ्याच्या उत्तरेने वळसा घेत संगम माहुलीला कृष्णेत जाते. उगम, धबधबा, धरण, शहर, संगम असं सगळं एकाच जिल्ह्यात आहे. महाबळेश्वर-मेढा-सातारा रस्ता बराचसा तिच्याच खोऱ्यातून जात असल्यामुळे एसटीने फिरूनही अभ्यास होतो.

आणि खरं सांगायचं तर ही नदी पुस्तकातल्या आकृतीसारखी वागत नाही, म्हणूनही मला ती आवडते.

'उगमाकडून मुखाकडे होणारे बदल' म्हणजे नेमकं काय मोजायचं?

ब्रिटनमधल्या शाळांमुळे प्रसिद्ध झालेलं ब्रॅडशॉ प्रतिमान तुम्ही शिकला असाल. खाली जावं तसा विसर्ग (दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी), रुंदी, खोली आणि सरासरी वेग वाढतो. उतार, तळाचा खडबडीतपणा आणि गोट्यांचा आकार कमी होतो, असं ते सांगतं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी मोजायच्या गोष्टी त्यातूनच येतात: पाण्याची रुंदी, खोली, वेग, ओला परीघ (तळ आणि काठ यांची पाण्याला टेकलेली लांबी), उतार, गोट्यांची लांबी आणि त्यांचा गोलवा. याशिवाय एक माप बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे काठोकाठ पात्राची रुंदी. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

गृहीतक कसं लिहायचं? "नदीत बदल होतात" एवढं चालेल का?

नाही. ते खोटं ठरूच शकत नाही, त्यामुळे तपासायला काही उरत नाही. "वेण्णेच्या उगमापासूनचं अंतर वाढेल तशी गोट्यांची सरासरी लांबी कमी होईल" हे गृहीतक झालं. अशी दोन-तीन पुरेत. दहा गृहीतकं घेणाऱ्या गटाचं एकही नीट तपासून होत नाही, हे मी दरवर्षी पाहतो.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. पावसाळ्यात नदीत उतरायचा विचारही करू नका. मे महिन्यात वरच्या टप्प्यात मोजायला पाणीच नसतं. दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे पाणी स्वच्छ असतं, तळ दिसतो आणि पावसाळ्यातल्या पुराच्या खुणा काठच्या झाडांवर अजून शिल्लक असतात.

शक्यतो सगळी ठिकाणं लागोपाठच्या दोन दिवसांत उरका. पहिलं ठिकाण दिवाळीआधी आणि शेवटचं डिसेंबरात मोजलं, तर तुमच्या तक्त्यात नदीपेक्षा कॅलेंडरच जास्त दिसेल.

किती ठिकाणं घ्यायची आणि कुठे?

किमान आठ, जमलं तर दहा. का, ते शेवटाकडच्या स्पिअरमन सहसंबंधाच्या प्रश्नात कळेल. आमची साधारण वाटणी अशी असते.

पहिलं ठिकाण वेण्णा तलावाच्या खाली. हा तलाव नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी तो १८४२ मध्ये बांधवला. म्हणजे तुमच्या नदीवर पहिल्याच ठिकाणी माणसाचा हात आहे. हे अहवालात लिहा, परीक्षकाला आवडतं. दुसरं ठिकाण लिंगमळ्याच्या अलीकडे, पठारावर. धबधब्याचा कडा मोजमापातून वगळा. तिथे फक्त रेखाटन आणि फोटो.

नंतरची दोन ठिकाणं घाट उतरल्यावर केळघरच्या बाजूला आणि एक मेढ्याजवळ. इथे नदी खरी नदी वाटायला लागते. डोह आणि खळाळ आलटून पालटून येतात, एका काठाला उभी दरड आणि समोर गोट्यांचा दांडा दिसतो. नवशिक्या गटाने वेळ इथेच जास्त द्यावा.

मेढ्याच्या पुढे कण्हेरचा फुगवटा सुरू होण्याआधी एक ठिकाण घ्या. फुगवट्यात मोजू नका, तिथलं पाणी जलाशयाचं असतं. मग धरणाच्या खाली एक, वाढे-वर्ये परिसरात महामार्गाजवळ एक आणि शेवटचं माहुलीच्या संगमाआधी. ऐन संगमावर मोजायचा मोह टाळा. कृष्णेत पाणी जास्त असलं की ती वेण्णेचं पाणी मागे रेटते आणि तुमचं माप वेण्णेचं राहत नाही. मोजमाप संपल्यावर मात्र संगमावर जरूर जा. विश्वेश्वराचं देऊळ पाहा, घाटावर बसून डबे खा. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची फळी टाकलेली असेल, तर बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला लांबवर पाणी तुंबलेलं असतं. तिथून हला. पुलाच्या खांबापासूनही जरा दूर राहा.

ठिकाणं समान अंतरावर घ्यायची की सोयीची?

कागदावर दर सात-आठ किलोमीटरला खूण करा. मग नकाशात पाहा की तिथे पोचता येतं का. नाही आलं, तर जवळची जागा घ्या आणि का सरकलो ते लिहून ठेवा. सोयीने निवडलेल्या जागेला 'पद्धतशीर नमुना' म्हणून खपवू नका. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषा २० मीटर अंतराने असतात. त्यावरून आधी घरीच नदीचा लंबछेद, म्हणजे उगमापासून खाली जाताना उंची कशी घटते त्याचा आलेख, काढून ठेवलात, तर कुठे उतरायचं हे निम्मं ठरतं. वेण्णेचा लंबछेद गुळगुळीत वळणाचा येत नाही, पायऱ्यापायऱ्यांचा येतो. दख्खनच्या बेसाल्टचे थर आडवे आहेत आणि कठीण थर आला की पायरी होते. लिंगमळ्याचा कडा ही त्यातली सगळ्यात मोठी.

परवानगी लागते का?

नदीपात्रात उभं राहून काठी बुडवायला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण गावात जाताना ग्रामपंचायतीत कॉलेजचं पत्र द्या. वीस पोरं टेप घेऊन नदीत उतरली की वाळूची किंवा जमिनीची मोजणी चालू आहे असा समज व्हायला वेळ लागत नाही. एका गावात आम्हाला तासभर "कुठला प्रकल्प येतोय?" याचंच उत्तर द्यावं लागलं होतं. धबधब्याच्या भागात वनखात्याचे नियम पाळा. धरणाच्या परिसरात जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय फोटोसुद्धा काढू नका.

साहित्य काय लागतं?

३० मीटरचा टेप, मीटरपट्टी, दोन रेंजिंग रॉड (खुणेसाठी उभे रोवायचे रंगीत दांडे), दोरी, स्टॉपवॉच, व्हर्नियर कॅलिपर, पावसात भिजली तरी चालेल अशी वही आणि पेन्सिल. पेन नको, शाई पाण्यात पसरते. तरंगायला पाच-सहा संत्री. उतारासाठी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, तिच्याविषयी पुढे सांगतो.

रुंदी आणि खोली कशी मोजायची?

प्रवाहाला काटकोनात टेप ताणा. एका काठाला पाणी जिथे सुरू होतं तिथे शून्य. टेप पाण्याला टेकू देऊ नका, ओढ लागून तो धनुष्यासारखा वाकतो आणि रुंदी फुगते. उजवा काठ, डावा काठ ठरवताना प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. हे सगळ्या गटाने पाठ करावं, नाहीतर निम्म्या आकृत्या आरशातल्या येतात.

खोली ठराविक अंतरावर घ्या. मीटरपट्टीची अरुंद कड प्रवाहाकडे ठेवा. रुंद बाजू ठेवली तर पाणी पट्टीवर चढतं आणि दोन-तीन सेंटिमीटर जास्त दिसतात.

आता एक उदाहरण, कारण इथेच सगळ्यात जास्त चूक होते. समजा पाण्याची रुंदी ६ मीटर आहे. दर मीटरला खोली घेतली: ०.१२, ०.२५, ०.३१, ०.२२, ०.१० मीटर. बेरीज १.००. मुलं तिला ५ ने भागतात, सरासरी ०.२० काढतात आणि ६ ने गुणून छेदाचं क्षेत्रफळ १.२० चौरस मीटर लिहितात. पण दोन्ही काठांना खोली शून्य आहे, ती कुठे गेली? एकेक मीटरच्या पट्ट्या पाडून समलंब चौकोनांची बेरीज केली तर क्षेत्रफळ बरोबर १.०० येतं. म्हणजे निव्वळ भागाकारात २० टक्के चूक. सोपा उपाय असा की मापं पाच असली तरी भागायचं सहाने, कारण पट्ट्या सहा आहेत.

ओला परीघ मोजायला तळाला चिकटवून साखळी टाका, किंवा याच मापांवरून पायथागोरसने काढा. वरच्या उदाहरणात तो ६.०३ मीटरच्या आसपास येतो. क्षेत्रफळाला ओल्या परिघाने भागलं की जलीय त्रिज्या मिळते, इथे साधारण ०.१७ मीटर.

पाण्याची रुंदी मोजायची की पात्राची?

दोन्ही. माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी जण विचारतात.

आपल्या नद्या पावसाळी आहेत. पात्र घडतं ते जुलै-ऑगस्टच्या पुरात. ऑक्टोबरात तुम्ही पाहता ते पाणी त्या मोठ्या पात्राच्या तळाशी उरलेली धार असते. युरोपातल्या बारमाही नदीवर आज दिसणाऱ्या पाण्याची रुंदी आणि पात्राची रुंदी यांत इतका फरक पडत नाही, त्यामुळे तिथल्या पद्धतीत एकच रुंदी घेऊन भागतं. आपल्याकडे भागत नाही.

काठोकाठ रुंदी ओळखायची कशी? काठाचा उतार जिथे मोडून सपाट होतो ती रेघ शोधा. तिथून वर माती आणि कायमची झाडं, खाली गोटे आणि हंगामी गवत. करंजाच्या किंवा उंबराच्या खालच्या फांद्यांना अडकलेला पाचोळा, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या पाहा. मेढ्याजवळ एकदा एका मुलीने टेप धरून फांदीवरच्या पिशवीपर्यंतची उंची घेतली, तेव्हा ती तिच्या डोक्याच्याही वर निघाली. खाली पाणी घोट्याएवढं होतं. त्या एका मापाने तिला जे कळलं ते माझ्या दोन तासिकांत कळलं नव्हतं.

पाण्याची रुंदी ठिकठिकाणी कमीजास्त होत राहील. काठोकाठ रुंदीत मात्र खाली जाताना वाढ बरीच नीट दिसते. दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावा.

वेग मोजायला संत्रंच का? चेंडू किंवा थर्माकोल चालेल?

थर्माकोल वारा ढकलतो, चेंडूही तसाच. संत्र्याचा बहुतेक भाग पाण्यात बुडालेला असतो, त्यामुळे ते पाण्याबरोबर जातं, रंगामुळे लांबून दिसतं आणि हरवलं तरी नदीत कचरा होत नाही. कागदी लिंबाचा भरवसा नाही, ते कधी तरंगतं, कधी बुडतं. परतीच्या वाटेत संत्री खाऊ नका. नदीचं पाणी लागलेलं फळ आहे ते.

१० मीटरचा सरळ तुकडा निवडा. संत्रं सुरुवातीच्या रेषेच्या दोन-तीन मीटर आधी सोडा, म्हणजे रेषेवर येईपर्यंत त्याला पाण्याचा वेग मिळतो. काठाजवळ, मध्ये आणि दुसऱ्या काठाजवळ मिळून पाच वेळा मोजा. समजा २४, २१, २६, २२, २७ सेकंद लागले. सरासरी २४, वेग सेकंदाला ०.४२ मीटर. पण हा पृष्ठभागाचा वेग झाला. तळाशी घर्षणामुळे पाणी हळू चालतं, म्हणून ०.८५ ने गुणा. सरासरी वेग ०.३५. कुठलं संत्रं खडकाला अडकलं तर ते माप टाकून द्या, पण टाकलं असं वहीत लिहा.

डोंगरात पाणी जास्त वेगाने धावतं हे डोळ्यांना दिसतं. मग खाली वेग वाढतो कसा?

दिसतं ते फेसाळणं. पाणी दगडावर आपटतं, वळतं, मागे भोवरा करतं, आणि उताराने दिलेली बरीचशी ऊर्जा तिथेच संपते. खालच्या टप्प्यात उतार कमी असला तरी पात्र खोल आणि तळ गुळगुळीत असल्यामुळे पाण्याच्या मानाने घर्षण कमी लागतं. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याच्या सूत्रात हेच आहे: वेग जलीय त्रिज्येबरोबर आणि उताराबरोबर वाढतो, खडबडीतपणाबरोबर घटतो.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या लिओपोल्ड आणि मॅडॉक यांनी तिथल्या अनेक नद्यांच्या मोजणीवरून दाखवलं की मुखाकडे जाताना विसर्ग वाढतो त्यात सगळ्यात मोठा वाटा रुंदीचा, मग खोलीचा, आणि वेगाचा अगदी थोडा. त्यांचे सरासरी घातांक ०.५, ०.४ आणि ०.१. म्हणजे विसर्ग दसपट झाला तर रुंदी तिपटीहून थोडी जास्त, खोली अडीचपट आणि वेग जेमतेम सव्वापट. इतका छोटा फरक संत्र्याने पकडायचा आहे. तेव्हा तुमच्या मोजणीत वेग वाढलेला दिसला नाही, तर लगेच प्रतिमान खोटं ठरवू नका. तुमच्या पद्धतीची चूकच त्या फरकापेक्षा मोठी असू शकते.

विसर्ग घनमीटरमध्ये आला. बातम्यांत क्युसेक म्हणतात, तो कसा काढू?

क्षेत्रफळ गुणिले सरासरी वेग. वरच्या उदाहरणात १.०० गुणिले ०.३५, म्हणजे सेकंदाला ०.३५ घनमीटर, सुमारे ३५० लिटर. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणून साधारण १२ क्युसेक. पावसाळ्यात "धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग" अशी बातमी येते तेव्हा हे बारा आठवा.

गोटे कसे निवडायचे?

न बघता. डोळ्यांसमोर आला की हात आपोआप सुंदर, गोल, मुठीत मावणाऱ्या गोट्याकडे जातो. अमेरिकेतल्या वॉल्मन यांची १९५४ पासूनची पद्धत सोपी आहे: पात्रात आडवं चालत जा, प्रत्येक पावलाला नजर दुसरीकडे ठेवून बुटाच्या टोकाशी बोट खाली न्या आणि पहिला लागेल तो दगड उचला. त्यांनी १०० गोटे घेतले होते, वेळ कमी असेल तर ५० घ्या. लांब, मधला आणि आखूड असे तिन्ही अक्ष कॅलिपरने मोजा. गोलव्यासाठी पॉवर्स यांचा सहा वर्गांचा तक्ता छापून सोबत ठेवा, अतिकोनीय ते सुगोलित असा. गोलवा सगळ्या ठिकाणी एकाच व्यक्तीने ठरवावा. एकाचा 'उपगोलित' दुसऱ्याला 'गोलित' वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या पद्धतीत सापडणार नाही. महाबळेश्वरच्या पठारावर बेसाल्टच्या माथ्यावर जांभा दगड आहे. वरच्या ठिकाणी तुमच्या हातात तांबडे, भोकाभोकांचे जांभ्याचे तुकडेही येतील. जांभा ठिसूळ, काळा बेसाल्ट चिवट. दोघं एकाच ढिगात मोजले तर दगडाच्या जातीचा फरक अंतराच्या नावावर खपेल. दोन रकाने करा. बेसाल्टच्या काही गोट्यांत पांढरे ठिपके किंवा स्फटिकांच्या पोकळ्या दिसतील, ते बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. खिशात टाकायला हरकत नाही, मोजून झाल्यावर.

ओढा जिथे येऊन मिळतो त्याच्या लगेच खाली गोटे पुन्हा मोठे आणि कोनीय दिसतात. ते ओढ्याने नुकतेच आणलेले असतात.

क्लिनोमीटरने (उताराचा कोन मोजायच्या यंत्राने) उतार शून्य अंश येतो. यंत्र बिघडलं का?

नाही, नदीच सपाट झाली. एक अंश म्हणजे १०० मीटरला पावणेदोन मीटर उतार. मेढ्याच्या खाली किलोमीटरला दोन मीटर उतार असला तरी कोन ०.१ अंशाच्या आसपास येतो, आणि साधं क्लिनोमीटर अर्धा अंशही धड दाखवत नाही. वरच्या दोन-तीन ठिकाणी ते चालतं. खाली गवंड्याची नळी काढा. २० मीटरच्या पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे घालवा, एक टोक वरच्या रॉडला आणि दुसरं खालच्या रॉडला धरा. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीत राहतं. दोन्ही रॉडवर त्या पातळीपासून नदीच्या पाण्यापर्यंतची उंची घेतली की वजाबाकीत फरक मिलिमीटरमध्ये हाती येतो. डंपी लेव्हल (सर्वेक्षणातली पातळी मोजायची दुर्बीण) असेल तर उत्तम. नसेल तर या नळीची लाज वाटून घेऊ नका, घरं तिच्यावर उभी राहतात.

धरणाखालचे आकडे पूर्ण विस्कटले आहेत. ते वगळून टाकू का?

अजिबात नाही. तुमच्या अहवालाचा कणा तिथेच आहे.

पाहा काय होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, साताऱ्याला साधारण हजार. म्हणजे वेण्णेला पाणी मिळतं ते मुख्यतः डोक्याकडून. खाली खोरं वाढतं तसं पाणी त्याच प्रमाणात वाढत नाही. हे प्रतिमान ज्या हवामानात तयार झालं तिथे पाऊस इतक्या थोड्या अंतरात असा कोसळत नाही. ही पहिली गडबड धरण नसतं तरी झाली असती.

दुसरी गडबड धरणाची. ऑक्टोबरात खाली किती पाणी आहे हे खोरं ठरवत नाही. ते दरवाजे आणि कालव्याचं आवर्तन ठरवतं. एका वर्षी एका धरणाखाली सकाळी खोली घेतली, जेवून आलो आणि वेग मोजला. संत्रं सुटलंच. मुलं खूश, वेग वाढला म्हणून. मग एकाने खुणेच्या दगडाकडे बोट दाखवलं, तो पाण्याखाली गेला होता. मधल्या वेळेत पाणी सोडलं होतं आणि आम्ही सकाळच्या क्षेत्रफळाला दुपारच्या वेगाने गुणत होतो. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर आणि निघताना काठाला रोवलेल्या काठीवर पातळी टिपायचा नियम केला. तुम्हीही करा. सुरक्षिततेसाठी तर कराच.

तिसरी गडबड गाळाची. जलाशयात नदीचा वेग मरतो आणि वरून आलेली वाळू, गोटे तिथेच बसतात. खाली सुटणारं पाणी गाळाविना असतं. ते पात्रातला बारीक माल उचलून नेतं आणि मागे मोठे दगड उरतात. त्यामुळे धरणाच्या खाली गोट्यांचा आकार धरणाच्या वरपेक्षा मोठा निघू शकतो. त्यात कुठे वाळूउपसा झाला असेल तर खड्डे पडतात आणि खोलीचं माप फसतं.

तेव्हा आलेखावर धरणाची उभी रेघ मारा आणि वरची ठिकाणं व खालची ठिकाणं वेगळ्या चिन्हांनी दाखवा. "आकडा प्रतिमानात बसत नाही" असं लिहून थांबू नका. तीनपैकी कुठलं कारण तुमच्या ठिकाणी लागू पडतं आणि ते तुम्ही कशावरून म्हणता, तेही लिहा.

स्पिअरमन सहसंबंध काढावाच लागतो का? कसा?

पदवीला बहुधा लागतो, बारावीला काढलात तर भाव खाल. दोन गोष्टी सोबत वाढतात की उलट दिशेने जातात, हे उणे १ ते १ यांमधल्या एका आकड्यात तो सांगतो. अंतराला क्रम द्या, दुसऱ्या मापाला, समजा काठोकाठ रुंदीला, क्रम द्या, क्रमांमधले फरक काढा, त्यांचे वर्ग करून बेरीज करा. बेरजेला ६ ने गुणा, ठिकाणांची संख्या गुणिले (संख्येचा वर्ग वजा १) याने भागा आणि १ मधून वजा करा. १० ठिकाणं असतील आणि वर्गांची बेरीज २८ आली, तर उत्तर ०.८३. दोन्ही बाजूंच्या चाचणीत ५ टक्के पातळीला १० ठिकाणांसाठी ०.६४८ लागतं, म्हणजे हा संबंध योगायोगाचा मानायला नको. ८ ठिकाणांसाठी ०.७३८ लागतं. ५ ठिकाणं असतील तर थेट १ लागतं, म्हणजे एक क्रमही इकडेतिकडे होऊन चालत नाही. म्हणून आठ-दहा ठिकाणांचा आग्रह.

गोटे लहान होत जातील असं म्हणत असाल तर उत्तर ऋण यायला हवं. चिन्ह विसरू नका.

पुढे कराड, सांगलीपर्यंत मोजत जावं का?

जा, पण पाण्यात उतरू नका. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, असा संगम सहसा पाहायला मिळत नाही. त्याच्याखाली नदी मोठी आणि संथ होते. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. इथे खोली पुलावरूनच, दोरीला ओळंबा बांधून, वाहतूक सांभाळून घ्या. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. त्या पुलावरून खाली पाहिलंत की मेढ्याच्या फांदीवरची पिशवी आठवेल. शास्त्रीय आकडे हवे असतील तर कराड, अर्जुनवाड आणि कुरुंदवाड इथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत.

सुरक्षिततेचे नियम?

गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही. चपला नाहीत, पट्ट्याचे बूट घाला. एक जण कायम काठावर उभा, त्याच्या हातात दोरी आणि डोळे वरच्या दिशेला. पाणी अचानक गढूळ झालं, पाचोळा वाहून यायला लागला किंवा धरणाचा भोंगा वाजला, तर टेप तिथेच सोडून बाहेर. टेप नवा मिळतो.

मागच्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे घेतले तर कळतं का?

कळतं. खोटे आकडे फार देखणे असतात. रुंदी ४, ६, ८, १०. खरी वेण्णा असे आकडे देत नाही. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येतो, "तिसऱ्या ठिकाणी उजव्या काठाला काय होतं?" तिथे गेलेल्याला दरड आठवते, म्हशी आठवतात, कपडे धुणाऱ्या बायका आठवतात. न गेलेला 'गाळ' म्हणतो.

घरी आल्यावर एका ठिकाणचं माप चुकलंय असं कळलं. आता?

कच्ची वही फेकू नका. टेपचं पहिलं टोक तुटलेलं होतं आणि तुम्ही १० सेंटिमीटरपासून मोजलं, असं कळलं तर ते दुरुस्त होतं. वजा करा आणि तळटीप द्या. पण कुठे चूक झाली हेच माहीत नसेल, तर आकडा आहे तसा ठेवून शेजारी 'शंकास्पद' लिहा. अगदी सुट्टी असेल तर सकाळच्या मेढा गाडीने परत जा आणि ते एकच ठिकाण मोजा, पण तारीख वेगळी लिहा आणि काठीवरची पातळी पुन्हा टिपा.